पंचेचाळीस मिनिटं लिहा, पंधरा मिनिटं उठा: फुटबॉलवेड्यांसाठी २४ हाफची लेखन मॅरेथॉन

शनिवारी संध्याकाळी पाचला टेबलाशी बसायचं ते रविवारी संध्याकाळपर्यंत फुटबॉलवर लिहीत राहायचं, आणि तुमचा हा खुळेपणा बघून लोकांनी एखाद्या चांगल्या कामाला पैसे द्यायचे. कल्पना एवढीच. मी हे दोनदा केलं. पहिल्या वर्षी सतराव्या तासाला खुर्चीतच घोरायला लागलो आणि पैशांचा हिशेब लावायला पुढचे आठ दिवस गेले. दुसऱ्या वर्षी झोपही झाली, हिशेबही लागला आणि १८ मुलींना बूट मिळाले. हा लेख त्या दोन वर्षांमधल्या फरकाचा आहे.

मी कोल्हापूरचा. इथे फुटबॉल पेठेचा आणि तालमीचा असतो. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, फुलेवाडी अशी तालमींच्या संघांची नावं घेतली की माणूस कुठल्या गल्लीतला हे कळतं, आणि शाहू स्टेडियमवर तो कुठे बसणार हेही. माझी तालीम कोणती ते इथे सांगत नाही. अर्ध्या गावाशी वैर घ्यायचं वय आता राहिलेलं नाही.

आधी काम, मग मॅरेथॉन

‘गरजू मुलांसाठी मदत’ असं म्हणून चालत नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काही उभंच राहत नाही. आम्ही एका शाळेच्या मुलींचा संघ धरला. १८ मुली, प्रत्येकीला बूट, शिनगार्ड आणि दोन जोड मोजे, मिळून माणशी १,८०० रुपये. म्हणजे ३२,४०० रुपये. असा आकडा सांगितला की ‘माझ्याकडून एका पोरीचं’ असं लोक आपणहून म्हणतात. पहिल्या वर्षी मी ‘एक लाख जमवू’ म्हणालो होतो. लाखाकडे बघून पन्नास रुपयेवाला लाजतो आणि हजारवाला म्हणतो, कुणीतरी मोठा देईल.

कॅप्टन टॉम मूर आठवतात? एप्रिल २०२० मध्ये शंभरी गाठायला आलेला हा इंग्रज म्हातारा चालायचा आधार धरून अंगणात फेऱ्या मारत होता. वाढदिवसाच्या आत १०० फेऱ्या आणि १,००० पौंड, एवढंच त्याचं ठरलं होतं. जमले तीन कोटी वीस लाख पौंडांहून जास्त. तुमचं-माझं तसं होणार नाही, पण बेत कसा असावा ते त्यातून कळतं. काय करणार ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, आणि त्यात तुमचा थोडा घाम दिसला पाहिजे.

लक्ष्यापेक्षा जास्त जमलं तर त्याचं काय करणार, हेही पहिल्याच दिवशी जाहीर करा. आम्ही ‘वरच्या पैशांचे बॉल आणि पंप’ असं लिहून टाकलं होतं.

पैसा आपल्या खिशाला शिवू द्यायचा नाही

पहिल्या वर्षी माझाच यूपीआय नंबर दिला होता. दोन दिवसांत शे-दीडशे बारीक नोंदी आल्या. त्यातच माझं दुधाचं बिल, भावानं परत केलेले उसने पैसे, गॅसचे पैसे. कोणते पैसे मॅरेथॉनचे आणि कोणते घरचे, हे पासबुक पुढ्यात घेऊन दोन संध्याकाळी शोधत बसलो. वर एका मित्रानं करसवलतीची पावती मागितली, ती कुठून देणार? कुणी संशय घेतला नाही, हे माझं नशीब.

म्हणून नोंदणीकृत संस्था गाठा आणि तिच्याच खात्याचा क्यूआर कोड वापरा. संस्थेकडे करसवलतीची, म्हणजे ८०जी नावानं ओळखली जाणारी मान्यता आहे का, ती कधीपर्यंत आहे, हे कागद बघून खात्री करा. देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन घ्यायला एक साधा फॉर्म ठेवा, कारण संस्थेला प्राप्तिकर खात्याकडे ती माहिती द्यावी लागते. दोन गोष्टी लोकांना आधीच सांगा: २,००० रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीवर सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत असणाऱ्याला ८०जीचा उपयोगच नाही. आधी सांगितलं नाही तर मार्चमध्ये फोन येतात.

दुबई-लंडनमधले नातेवाईक हमखास विचारतात, ‘आम्ही पाठवू का?’ भारतीय पासपोर्ट असलेल्यानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलं तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्ट परदेशी असेल, मग मूळचा माणूस भले उत्तरेश्वर पेठेतला असो, तर संस्थेकडे परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी लागते. ती नसेल तर सरळ नको म्हणा. माझ्या एका आतेभावाला हे पटवायला एक हाफ, म्हणजे लिखाणाची पंचेचाळीस मिनिटं, खर्ची पडला.

चौकात डबा घेऊन फिरणार असाल, तर गणेश मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात तशी परवानगी लागेल. त्यापेक्षा संस्थेच्याच माणसाला पावतीपुस्तक घेऊन टेबलाशेजारी बसवा. आणि लकी ड्रॉच्या फंदात पडू नका. परवानगीशिवाय लॉटरी काढणं हा गुन्हा आहे. सामन्याच्या निकालावर पैज लावून ‘हरलो तर देणगी देतो’ म्हणणाऱ्यालाही लांब ठेवा, तो हरला तरी देत नाही.

तासाचं गणित फुटबॉलनंच सोडवलंय

पंचेचाळीस मिनिटांचा हाफ, पंधरा मिनिटांचा हाफटाइम. बेरीज एक तास. २४ तासांत २४ हाफ, म्हणजे १२ सामने. लिहायचे १८ तास, उठून फिरायचे ६. पहिल्या वर्षी हे एवढं साधं गणित मला सुचलं नव्हतं. ‘लिहीत राहू, दमलो की थांबू’ असा बेत होता. दमलेला माणूस थांबतच नाही, तो नुसता स्क्रीनकडे बघत बसतो.

हाफ सुरू होताना शिट्टी, संपताना शिट्टी. शिट्टी वाजली की वाक्य अर्धं असलं तरी उठायचं. अर्धं वाक्य सोडून गेलं की परत आल्यावर सुरुवात शोधावी लागत नाही, हा त्यातला आणखी एक फायदा. शिट्टीसाठी पंच नेमा आणि तो तुमचा जवळचा मित्र नको. आमचा पंच निवृत्त पी.टी. शिक्षक होता. हाफटाइम दोन मिनिटं जास्त झाला म्हणून त्यांनी मला सगळ्यांसमोर पिवळं कार्ड दाखवलं. त्याचा व्हिडिओ जेवढ्या लोकांनी बघितला तेवढ्यांनी माझा एकही लेख वाचला नाही.

झोपेचं आधी ठरवून जाहीर करा. मी अकरावा हाफ, म्हणजे पहाटे तीनचा, सोडणार असं पोस्टरवरच छापलं होतं. दहावा हाफ पावणेतीनला संपतो, बारावा चारला सुरू होतो, मध्ये सव्वा तास झोप. बुडालेला हाफ शेवटी इंज्युरी टाइम म्हणून भरून काढला आणि रविवारी पावणेसहाला संपवलं. आधी सांगून झोपलं तर ती रणनीती, न सांगता झोपलं तर फसवणूक.

शनिवार का? इंग्लंडच्या लीगमुळे. मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत तिथला साडेबाराचा सामना आपल्याकडे संध्याकाळी पाचला असतो, तीनचा साडेसातला, साडेपाचचा रात्री दहाला. हिवाळ्यात प्रत्येकात एक तास मिळवा. म्हणजे पहिल्या सहा-सात तासांना आयते विषय मिळतात आणि जागे असलेले वाचकही. पण गावात मोठा सामना असेल तो दिवस टाळा. दोन पेठांचा फायनल असताना तुमचं लिखाण तुमची आईसुद्धा वाचणार नाही.

शब्दांचं लक्ष्य बेताचं ठेवा. देवनागरी टाइप करताना माझा वेग हाफला साडेतीनशे-चारशे शब्द आहे, विचार करण्याचा वेळ धरून. शेवटी साडेआठ हजारांच्या आसपास शब्द झाले. कादंबरी होत नाही, पण व्हायचीही नव्हती.

विषय विका, आणि शत्रूला आधी विका

मॅरेथॉनमधला खरा पैसा इथे आहे. ‘हाफला दहा रुपये’ अशी बोली ठीक आहे, पण ती रक्कम आधीच घ्या. दहाचे २४०, पंचवीसचे ६००, बसायच्या आदल्या दिवसापर्यंत. पहिल्या वर्षी मी ‘नंतर द्या’ म्हणालो. लोकांनी २६,००० रुपये देतो म्हणून शब्द दिला, पंधरा हजार आले. लोक लबाड नव्हते, सोमवारी सगळे कामावर गेले आणि विसरले.

दुसऱ्या वर्षी २४ हाफपैकी १६ विकायला काढले. ५०१ रुपये द्या, विषय तुमचा. आणि १,००१ द्या, मी तुमच्या तालमीचं कौतुक लिहीन, ती माझी कट्टर विरोधी असली तरी. पोस्टर लागलं आणि १,००१ वाले सहाच्या सहा हाफ एका दुपारी संपले. ५०१ वाले दहा भरायला आठवडा लागला. आपल्या संघाची स्तुती ऐकायला माणूस एवढे पैसे देत नाही. ती तुमच्या तोंडून ऐकायला देतो.

पहाटे चारला मी डोळे चोळत खुर्चीवर येतो तर समोर एक काका थर्मास घेऊन बसलेले. विरोधी पेठेतले, सत्तरीच्या पुढचे. त्यांनी १,००१ भरून बारावा हाफ मुद्दाम घेतला होता, पोरगं कंटाळलेलं असेल तेव्हा सोबत होईल म्हणून. कपात चहा ओतत म्हणाले, ‘लिही. आमच्या फायनलचा गोल लिही.’ फायनल त्यांच्या तरुणपणीची, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. ते सांगत गेले, मी टाइप करत गेलो. चेंडू कुठून आला, बॅक कुठे घसरला, पावसानं गोलपोस्टपाशी कसा चिखल झाला होता. मी वाचून दाखवलं तर त्यांनी हात वर केला. ‘आरं, डाव्या पायानं न्हवं. उजव्या. डावा पाय त्येचा नुस्ता उभं ऱ्हायला हुता.’ ते वाक्य मी तीनदा बदललं. त्या रात्री सगळ्यात जास्त वाचलं गेलं ते हेच लिखाण, आणि ते वाचून त्यांच्या पेठेतून सकाळी आणखी देणग्या आल्या.

अटी मात्र आधीच लिहून ठेवा. कुणाला शिवीगाळ नाही, खेळाडूच्या घरचं काही नाही, पंचांवर आरोप नाहीत, राजकारण नाही. पैसे भरून ‘अमक्या संघाची इज्जत काढ’ म्हणणारे येतात. त्यांना पैसे परत.

कोरड्या विहिरीत बादली नको

विकलेले १६ झाले, उरलेल्या आठांसाठी विषयांचा साठा घरूनच न्यायचा. प्रत्येक विषयाला एक कागद, त्यावर तारखा, आकडे, नावं आधी तपासून लिहिलेली. रात्री दोनला माणसाची आठवण आणि माणसाचा आत्मविश्वास यांची फारकत होते. मी पहिल्या वर्षी झोपेत लिहून टाकलं की १९५० च्या वर्ल्ड कपला भारत गेला नाही, कारण अनवाणी खेळायला मनाई होती. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट! एका वाचकानं लगेच कान पकडला. त्या काळी आपल्या फुटबॉल महासंघाला ऑलिंपिकच मोठं वाटत होतं आणि वर्ल्ड कपची किंमत कळली नव्हती. बुटांचं कारण नंतर पुढे आलं, असं त्या काळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनीच सांगितलेलं आहे. दुरुस्ती केली आणि चुकलो असंही त्याच जागी लिहिलं. चूक गुपचूप पुसू नका, लोकांनी त्या लिखाणाला पैसे दिलेत.

माझ्या साठ्यातले काही कागद सांगतो, लागतील ते उचला. २९ जुलै १९११ ला मोहन बागाननं कोलकात्याच्या आयएफए शील्ड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश पलटणीच्या संघाला २-१ हरवलं, संघातले बहुतेक जण अनवाणी. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये आपण फ्रान्सकडून २-१ हरलो, दोन पेनल्टी वाया घालवून. त्या दोन पेनल्टींवर एक अख्खा हाफ लिहिता येतो. १९५६ ला मेलबर्नमध्ये नेव्हिल डिसूझानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक केली, आपण ४-२ जिंकलो आणि शेवटी चौथे आलो. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ हरवून सुवर्ण मिळवलं. मुंबईच्या रोव्हर्स कपची सुरुवात १८९१ ची, ती तर घरचीच गोष्ट. ९ ऑक्टोबर २०१७ ला दिल्लीत १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये जॅक्सन सिंगनं कोलंबियाविरुद्ध डोक्यानं मारलेला गोल हा फिफाच्या वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. इथल्या वाचकाला तेवढं नाव पुरतं.

आणि एक कागद ब्राझीलवाल्यांसाठी राखून ठेवा. वर्ल्ड कप आला की आमच्या गल्ल्यांत निम्मे झेंडे ब्राझीलचे, निम्मे अर्जेंटिनाचे. ८ जुलै २०१४ चा वर्ल्ड कपमधला जर्मनीचा ब्राझीलवरचा ७-१ विजय, आपल्याकडे मध्यरात्री दीडला सुरू झालेला, २९ मिनिटांत ५-०. अर्जेंटिनाच्या एका पोरानं ५०१ भरून हा विषय घेतला आणि अट घातली, सातही गोल एकेक करून. लिहिताना माझेही डोळे भरून आले, आणि मी तर जर्मनीवाला.

फोटो म्हणाल तर वृत्तसंस्थांचे उचलू नका, ते त्यांचे असतात. स्वतः काढलेले वापरा, किंवा गल्लीतल्या पोरांना चित्रं काढायला लावा. ज्या मुलींसाठी पैसे जमवताय त्यांचे चेहरे पालकांच्या लेखी परवानगीशिवाय टाकू नका. आम्ही फक्त जुन्या, अंगठ्यापाशी फाटलेल्या बुटांच्या एका जोडीचा फोटो लावला. पुरला.

टेबल, वीज, बोटं

घरी बसू नका. तालमीचा हॉल, वाचनालय, ओळखीच्या दुकानाचा पुढचा भाग, अशी येती-जाती जागा हवी. आता लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘हे मशिननं लिहिलं नाही कशावरून?’ माणूस समोर बसून टाइप करताना दिसला आणि स्क्रीन भिंतीवर पाडली की प्रश्न मिटतो. प्रोजेक्टर नसेल तर ज्यात जुने मसुदे वेळेसकट साठून राहतात अशा ऑनलाइन फाइलमध्ये लिहा आणि ती वाचायला खुली ठेवा.

रात्री दीडला आमची लाइट गेली. लॅपटॉप चालला, वायफाय गेलं. फोनचा हॉटस्पॉट होता म्हणून निभावलं. तरीही दोन वह्या आणि चार पेनं जवळ ठेवाच. एक हाफ मी टॉर्चच्या उजेडात हातानं लिहिला आणि पानांचे फोटो टाकले.

बोटं दुखली की बोलून टाइप करू, असा माझा मनसुबा होता. मशिननं ‘ऑफसाइड’चं ‘हाफ साइड’ केलं आणि ‘फ्री किक’चं ‘फिरकी’. हशा पिकला, पण दुरुस्तीत वेळ गेला. बोलून लिहायचंच असेल तर आधी आठवडाभर सवय करा. मनगट टेबलाच्या काठावर टेकवू नका, खुर्चीत उशी घ्या, हाफटाइमला उठून चालाच. डोळ्यांना लांबचं काहीतरी बघू द्या. आमच्या हॉलच्या खिडकीतून समोरच्या गल्लीतला पिंपळ दिसायचा.

आता खाणं. कोल्हापुरात हे सांगणं अवघड आहे, पण आदल्या रात्रीपासून तांबडा-पांढरा बंद. दहीभात, केळी, शेंगदाण्याची चिक्की, ताक. जेवण थोडं थोडं, दर दोन-तीन हाफला. चहा मध्यरात्रीनंतर दोनच कप, नाहीतर तीनची झोप लागत नाही. लोक प्रेमानं मिसळ घेऊन येतात, ती पंचांना द्या. मधुमेह, रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारा आणि २४ ऐवजी १२ हाफ करा, देणगी कुणी कमी करत नाही. आणि संपल्यावर स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नका.

पहाटे चार ते सहा हा सगळ्यात वाईट पट्टा. तिथे आकडेमोडीचे विषय ठेवू नका. आठवणी ठेवा: पहिला सामना कुणाच्या खांद्यावर बसून बघितला, पहिले बूट कुणी घेऊन दिले. हात आपोआप चालतो.

हिशेब

आठ दिवसांच्या आत एका पानावर: किती जमले, संस्थेच्या खात्याचा उतारा, किती खर्च, दुकानाचं बिल. पोस्टर, चहा, प्रोजेक्टरचं भाडं हे जमलेल्या पैशातून घेऊ नका. ते आम्ही चौघांनी खिशातून घातलं आणि तसं लिहिलं. आमचे ३४,७५० जमले. लक्ष्यावरच्या २,३५० चे बॉल आणि पंप आले. पान तालमीच्या फळ्यावर लावलं आणि प्रत्येक देणगीदाराला फोनवर पाठवलं, ५१ रुपयेवाल्यालासुद्धा.

एक चूक दुसऱ्या वर्षीही झालीच. पायांची मापं आम्ही मॅरेथॉनच्या दोन-अडीच महिने आधी, बेत ठरला तेव्हाच घेऊन ठेवली होती. वाटपाच्या दिवशी दोघींना बूट चढेनात. गोलकीपर पोरगी बूट हातात घेऊन म्हणाली, ‘सर, तेव्हा पाच नंबर होता.’ दुकानदारानं बदलून दिले, पण दोन दिवस गेले. मापं पैसे हातात आल्यावर घ्या, आणि मोजे घालून घ्या.